आत पेटलेली दीर्घिका

एकाहत्तर सालची दिवाळी. पुष्पावती पुण्याहून कोल्हारला आली ती फराळाला नव्हे, आलेख काढायला. संशोधनाची दोन वर्षं सरली आणि हाती भोपळा. सरांनी बजावलं होतं, सुट्टीत एक तरी नवी सक्रिय दीर्घिका शोध, नाहीतर शिष्यवृत्ती दुसऱ्याला जाईल.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा मेळा. एखादीच्या पोटात भलतीच धग असते, ती सक्रिय. तिथली तापलेली धूळ डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत उजळते. परदेशी नियतकालिकांतून उतरवलेले आकडे घेऊन पुष्पावती लहान अवरक्त तरंगांतलं तेज लांब तरंगांतल्या तेजाशी ताडून बघायची. लांबातलं फारच वरचढ निघालं की समजायचं, आत काहीतरी पेटलंय. या फरकाला हे खगोलशास्त्रज्ञ लोक रंग म्हणतात. न दिसणाऱ्याचाही रंग काढणारी जात ही!

बेचाळीस दीर्घिकांचे ठिपके कागदावर मुकाट एका घोळक्यात बसले. त्रेचाळिसावा पार लांब जाऊन पडला. पोरगी हरखली. सरांना पत्र लिहून, पाकीट चिकटवून ओसरीवर आली आणि वडिलांना सगळं सांगत सुटली.

सहादेवआबा चौथी शिकलेले, पण शेतीत मुरलेले. “म्हंजे आमी गंजीत पहार खुपसून बघतो, तसंच की,” ते म्हणाले. चारा ओलसर रचला तर गंज आतून तापते. म्हणून पहार खुपसायची, थोड्या वेळानं उपसायची आणि हात लावून बघायचं. “पन तुजी ही दोन मापं घेताना पहार सारखीच आत घातली व्हती ना? एकदा वीतभर, एकदा हातभर घातली, तर कशाचा कशाला मेळ?”

पुष्पावती हसली. मग तिनं वही उघडली आणि तिचा चेहरा उतरला. त्या त्रेचाळिसाव्या दीर्घिकेचं लहान तरंगांचं मोजमाप दुर्बिणीला बारीक छिद्र लावून घेतलेलं, लांब तरंगांचं मोठं लावून. मोठ्यात दीर्घिका जास्त मावली, म्हणून उजेडही जास्त आला. तशी तळटीप तिनं स्वतःच उतरवली होती आणि उतावीळपणे विसरली होती. दोन्ही आकडे एका छिद्राच्या मापात आणले, तसा ठिपका गुमान घोळक्यात जाऊन बसला.

टपाल निघायला अर्धा तास होता. सरांना ती तळटीप वर्षभर तरी दिसली नसती. तेवढ्यात शिष्यवृत्ती पदरात पडली असती. तिनं पाकीट फाडलं. नव्या कागदावर लिहिलं, ‘त्रेचाळीस तपासल्या. नवी एकही नाही.’

“काय निघालं गं?” आबांनी विचारलं.

“आत काही पेटलेलं नाही, आबा.”

“मंग ब्येस झालं की!” आबा मनापासून म्हणाले, आणि तिला रडू आवरेना.