खिडकीखालचं पांढरं हीदर

“फेकून दे ते, आई. नुसत्या काटक्या उरल्यात,” फ्लोरा दारातूनच म्हणाली.

एफीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि फावडं मातीत रोवलं. आमच्या खोऱ्यातली बस तिने आयुष्यभर चालवली. मागच्या सीटवरून आलेल्या सूचना कधी मानल्या नाहीत. मी शेजारी, कुंपणापलीकडून बघत होतो.

एफीच्या लग्नातल्या गुच्छातली पांढऱ्या हीदरची डहाळी तिच्या नवऱ्याने, लॅकलनने, खिडकीखाली रुजवली होती. तेच हे झुडूप. येत्या ऑगस्टमध्ये नात कर्स्टीचं लग्न होतं आणि तिला गुच्छात ह्याच झुडपाची डहाळी हवी होती. पांढऱ्या हीदरशिवाय आमच्याकडे नवरी घराबाहेर पाऊल टाकत नाही.

खरं तर हीदर म्हणजे आमच्या डोंगरमाळावरचं बारीक फुलांचं रानझुडूप, त्याला ना खत लागतं, ना लाड. शेजारची जांभळी, गुलाबी झुडपं एफी दर वसंतात कातरायची आणि ती डेरेदार व्हायची. पण पांढरं हाताने खुडावं, त्याला लोखंड लावलं तर घराचं नशीब जातं, असं लॅकलनने डोक्यात घेतलेलं. एफी कात्री घेऊन जवळ गेली की तो आतून काचेवर टकटक करायचा. तो गेला, तरी तिने कात्री लावली नव्हती. म्हणून हे असं खंगलं.

“दुकानातून आणू की डहाळी,” फ्लोरा म्हणाली.

“दुकानातली दुकानात शोभते. धर हे इकडून.”

झुडूप मुळांसकट काढून तिने खोल खड्ड्यात असं बसवलं, की वर फक्त हिरवे शेंडे राहिले.

“अगं, जिवंत गाडलंस की त्याला.”

“गाडलेल्या फांद्यांना मुळं फुटतात. माणसाचं तसं नसतं,” एफी म्हणाली आणि बराच वेळ माती थोपटत राहिली.

ऑगस्टमध्ये शेंडे फुलले. फार नाही, गुच्छापुरतेच. कर्स्टी चर्चमधून बाहेर आली तेव्हा एफीने लेकीला हळूच विचारलं, “काय गं, दुकान उघडं आहे का अजून?”

पुढच्या वसंतात झुडूप नव्या धुमाऱ्यांनी भरलं. एफी कात्री घेऊन वाकली, पाती उघडली आणि खिडकीकडे बघत थांबली.

“कर की टकटक,” ती म्हणाली.

थोडा वेळ तिने वाट पाहिली. मग कातरायला लागली.