चालणारी वाघर

मित्रांनो, मी एक जुनी वाघर आहे. पण मला नुसतं ‘जुनं जाळं’ म्हणालात तर राग येईल. खुटबावच्या गेणबा आबांनी घायपाताच्या दोरीने मला विणलं. संध्याकाळी ते मला मेखांवर गोल ताणायचे आणि आत मेंढरं बसवायचे. लेंडीखतासाठी शेतकरी आम्हाला मुद्दाम बोलावत. एक तुकडा खतावला की मेंढरं आत ठेवूनच मी पुढे सरकायचे. आधी पुढची मेख ठोकायची, मगच मागची उपटायची. वरवंडपासून तळेगाव ढमढेऱ्यापर्यंतची रानं मी अशी चालले आहे.

पुढे मेंढरं विकली गेली, शेतात ऊस आला आणि मी गोठ्याच्या माळ्यावर जाऊन पडले. उंदरांनी कुरतडलं, तरी मी तुटले नाही.

परवा आबांचा मुलगा मल्हारी विळा घेऊन आला. कारल्याच्या मांडवासाठी त्याला माझे तुकडे हवे होते. तेवढ्यात त्याची लेक प्रगती आडवी आली. शरीरातल्या पेशी सरकताना आकार कसा बदलतात, याचं गणित ती पुण्यात मांडते. पेशीच्या आतही धाग्यांचा सांगाडा असतो. त्याच्या जोरावर ती पुढे ताणली जाते. पण प्रगतीची संगणकावरची पेशी सरकायचं सोडून गोळा होऊन बसे. महिनाअखेर जमलं नाही तर विषय सोड, असं तिच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं.

“आप्पा, कापू नगा तिला!”

“मग काय पुण्याला नेती व्हय? कुजलीया ती.”

“कुजली न्हाई. ताणून, सरकवून दावते. मेखा कुठं हायेत?”

बापलेकीने मला अंगणात उभं केलं. सरकवताना प्रगतीने घाईत मागची मेख आधी उपटली आणि मी धपकन तिच्याच अंगावर आले.

“धनगराची पोर आन् एवढं इसरली?” मल्हारी हसला.

माझ्यात गुरफटलेली प्रगती हसेना. “आप्पा, माझ्या पेशीचं हेच हुतंय! पुढची पकड बसायच्या आधीच मी मागची सोडतीय.”

त्याच दुपारी तिने गणितातला क्रम बदलला. पेशी लांबली, पुढे रुतली, मागून सुटली आणि पडद्यावर चक्क चालली. खऱ्या पेशी असंच करतात का, हे प्रयोगाने तपासायचं आहे. पण विषय काही तिने सोडला नाही.

मल्हारीने विळा खाली ठेवला. “बरं, धुवून कपाटात ठिवू हिला.”

कपाटात? मित्रांनो, मला जपायचं असेल तर माझी घडी घालू नका. ठोका चार मेखा आणि ताणा मला. अजून एक रान चालून दाखवते.