पार्किंगमधली रंगीत तालीम

“रविवारी चार वाजता गिऱ्हाईक येतंय. ट्रेलर विकून टाकू,” असं आमच्या ह्यांनी, म्हणजे श्रीधरनी, पोह्यांवर लिंबू पिळता पिळता सांगितलं. जशी काही रद्दीच घालायची होती!

“कुणाला विचारलंत?” मी म्हटलं.

“अगं, दोन वर्षं पार्किंगमध्ये ताडपत्री पांघरून उभा आहे. आतली बॅटरी मेली. तू काही रात्री बाहेर राहू शकत नाहीस. मग ठेवून काय त्याची आरती करायची?”

आता हा ट्रेलर म्हणजे काय, ते सांगते. गाडीच्या मागे जोडून न्यायची चाकांवरची खोली. आत दोन पलंग, ओटा हातभर, खिडकी मात्र ऐसपैस. हे रिटायर झाल्यावर आम्ही मोठ्या हौसेने घेतला. पहिल्याच खेपेला पानशेतच्या कडेला मुक्काम केला, सकाळी खिडकी उघडली, तर समोर नुसतं पाणी आणि पाण्यावर धुकं. कोथरूडला आमच्या खिडकीतून समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी दिसतात. मी तिथल्या तिथे ठरवलं की आता उरलेलं आयुष्य अशाच खिडक्या उघडायच्या. आणि महिन्याभरात डॉक्टर म्हणाले, झोपेत तुमचा श्वास मधेमधे थांबतो, रोज रात्री मशीन लावूनच झोपायचं. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीला डबा आणि डब्याला वीज. वीज नाही तिथे मी, म्हणजे ही द्वारका, नाही. संपलंच की सगळं!

“बॅटरी मेली तर नवी घ्या,” मी म्हटलं. “घरातलं माणूस गेल्यासारखं काय करताय?”

“आणि ती रात्रभर तुझं मशीन चालवेल, याची खात्री कोण देणार? मधेच बंद पडलं तर? आडरानात, फोनला रेंज नसताना?”

त्यांचा आवाज चढला, आणि माझ्या लक्षात आलं की हा माणूस चिकटपणा करत नाहीये, घाबरलाय. पण हे घाबरले म्हणून माझी खिडकी विकायची? भले!

“गाडी काढा,” मी म्हटलं. “बिबवेवाडीला जायचंय.”

बिबवेवाडीत विक्रमचं बॅटऱ्यांचं दुकान आहे. आमच्या घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी तिथलीच, आणि ती ह्यांची फार लाडकी. दर महिन्याच्या एक तारखेला हे तिला न चुकता डिस्टिल्ड वॉटर पाजतात. मी चहात साखर किती घेते, हे मात्र अजून माहीत नाही. त्यामुळे दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या हे म्हणाले, “घरी दिलीस तसलीच दे. आठ वर्षं झाली, तक्रार नाही.”

मी मधे पडले आणि विक्रमला सगळं सांगितलं. ट्रेलर, मशीन, रविवारचं गिऱ्हाईक, सगळं. पिशवीतून मशीनही काढून काउंटरवर ठेवलं.

“घरच्यासारखी नेऊ शकता, काका,” विक्रम म्हणाला. “साठ किलोची आहे. उचलायला माणसं ट्रेलरमध्येच घेऊन फिरा. बॅटरीचा खण कुठे आहे?”

“माझ्या पलंगाखाली,” मी म्हटलं.

“वा! चार्ज होताना तिच्यातून गॅस निघतो. श्वासाचा त्रास असलेल्या बाईंच्या पलंगाखालीच ठेवू या.”

ह्यांनी घसा खाकरला. मी म्हटलं, “विक्रम, टोमणे नंतर मार. मला कळेल असं सांग, काय घ्यावं?”

मग मात्र तो नीट बोलायला लागला. जुन्या धाटणीची बॅटरी म्हणजे भाकरी अर्धीच खायची, अर्धी टोपलीत ठेवायची. रोज सगळी संपवली तर ती लवकर कायमची झोपते. लिथियमची असेल तर जवळजवळ सगळी भाकरी आपली, आणि वजन इतकं कमी की तुम्ही एकट्या उचलाल. त्याने माझं मशीन लावून मीटरवर त्याची भूक मोजली, कॅल्क्युलेटर बडवला आणि म्हणाला, “रात्रभर मशीन, पंखा, एक दिवा. सकाळी निम्मी तरी शिल्लक राहील.”

निम्मी शिल्लक! मला दुकानातच फुगडी घालावीशी वाटली.

“आणि हिला पाणी कधी घालायचं?” ह्यांनी विचारलं.

“नाही घालायचं, काका.”

“कधीच नाही?”

ह्यांचा चेहरा एवढासा झाला. पुढे विक्रमने किंमत सांगितली, सोबत चार्जरही बदलावा लागेल म्हणाला, तेव्हा हे स्टुलावर बसलेच. पण मी ठरवलं होतं. “हीच. आणि उद्या शनिवारीच येऊन बसवायची,” मी म्हटलं.

परत येताना हे सिग्नलला थांबले आणि समोर बघतच म्हणाले, “त्या गिऱ्हाइकाला, नागोरावांना, मी शब्द दिलाय. ते सूसहून मुद्दाम येतायत.”

“मग तालीम करू. रविवारी सकाळी आठला मशीन चालू करायचं, ते नागोराव येईपर्यंत. म्हणजे एक रात्रच झाली. जेवून मी आतच झोपते. टिकलं तर ट्रेलर आपला. बंद पडलं तर त्यांचा, मी चकार शब्द काढणार नाही.”

चकार शब्द काढणार नाही म्हटल्यावर ह्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. असं मी लग्नात सप्तपदीलाही म्हटलं नव्हतं.

रविवारी आठला विक्रमने बसवलेली ती काळी ठेंगणी बॅटरी चालू झाली. मशीन घूं करायला लागलं, पंखा फिरला, दिवा लागला. ह्यांनी दाराशी घडीची खुर्ची टाकली आणि बॅटरी किती उरली ते दाखवणारा फोन हातात धरून जे बसले ते हललेच नाहीत. येणारेजाणारे विचारत होते, “काय श्रीधरराव, घरातून काढलं का?” हे फोनमधून मान वर काढेनात. मी वरण-भात वरून ट्रेलरमध्ये आणला, तोही ह्यांनी खुर्चीतच खाल्ला. मग मी मास्क लावला, आडवी झाले आणि काय सांगू, भर दुपारी पार्किंगमध्ये, स्कूटर सुरू होतायत, पोरं क्रिकेट खेळतायत, आणि मला पानशेतसारखी झोप लागली!

आणि मग हवा थांबली.

मी दचकून उठले. मशीन गप्प, पंखा गप्प, दिवा गेलेला. कुठेतरी बारीक पीं पीं वाजत होतं. मास्क कपाळावर सरकवला आणि तशीच केस पिंजारलेली दारात आले.

बाहेर धोतर-टोपीतले नागोराव उभे होते. हे पांढरेफटक पडले होते.

“बंद पडलं, द्वारका,” हे म्हणाले. “सांगत नव्हतो मी? नागोराव, ट्रेलर तुमचा.”

मी बोलायचं नाही असं कबूल केलं होतं. नाही बोलले. डोळे मात्र भरून आले, ते काही माझ्या हातात नव्हतं. म्हणून मी मान खाली घातली, तर पायाशी एक वायर दिसली. ती आतल्या प्लगपासून निघून दारातून बाहेर, खुर्चीखाली गेली होती. खुर्चीखाली आमच्या स्वयंपाकघरातली इलेक्ट्रिक किटली होती.

“हे काय आहे?”

“पाहुणे आले म्हणून चहा टाकत होतो,” हे म्हणाले. “वर जाऊन करायचा तर तुला सोडून जावं लागलं असतं. तू आत झोपलेली. म्हणून शेजारच्या शकूला वरून किटली आणायला सांगितली.”

अरे देवा! ‘चहा घेऊनच आला असाल’ असं म्हणणाऱ्या गावात जन्म गेला, आणि ह्यांना आदरातिथ्य नेमकं आज सुचलं!

मी विक्रमला फोन लावला. त्याने ऐकून घेतलं, आणि आधी नुसता उसासा टाकला. “काकू, बॅटरी ठणठणीत आहे. ट्रेलरमधल्या छोट्या इन्व्हर्टरला किटली झेपली नाही, म्हणून त्याने हात वर केले. किटली काढा आणि बटण दाबा. उद्या मशीनला थेट बॅटरीवरून वायर देतो, म्हणजे काकांना खुशाल पाहुणचार करू द्या.”

ह्यांनी किटली काढली आणि बटण दाबलं. घूं! पंखा फिरला. ह्यांनी फोन माझ्यापुढे धरला. निम्म्याहून जास्त शिल्लक होती. मी टाळ्या पिटल्या, चक्क टाळ्या, आणि तिथेच ह्यांचा हात धरला. क्रिकेटवाली पोरं खेळ थांबवून बघत राहिली.

“मग?” नागोराव म्हणाले. “इकायचा हाय का न्हाय? आत्ताच शब्द दिलाय तुमी.”

मी हात सोडला. ह्यांनी मान खाली घातली. “दिलाय खरा,” हे म्हणाले. “तुम्ही म्हणाल तसं.”

नागोरावांनी ट्रेलरला एक चक्कर मारली, चाकं पाहिली, खिडकी पाहिली, मग खुर्चीकडे पाहिलं. “वॉचमन सांगत हुता, सकाळधरनं हितंच बसून हाय म्हनं हा मानूस. असल्या मानसाची चीज घेऊन मला काय पचायची न्हाय. ऱ्हाऊ द्या.” आणि जरा थांबून म्हणाले, “च्या तेवढा पाजा की. त्याच्यापायीच झालं ना सगळं?”

मी वर पळाले आणि गॅसवर आलं घालून चहा केला. इतक्या आनंदाने मी आयुष्यात चहा केला नसेल.

पुढच्या शुक्रवारी आम्ही पानशेतला मुक्काम केला. “मी जागाच राहतो, मशीनकडे लक्ष ठेवतो,” असं हे म्हणाले होते. सकाळी मला जाग आली तेव्हा हे ढाराढूर घोरत होते. मी मास्क काढला आणि खिडकी उघडली. तेच पाणी, तेच धुकं.

आवाजाने हे धडपडून उठले. “काय झालं? बंद पडलं?”

“नाही हो. खिडकी उघडली.”

त्यांनी फोन चाचपला, चष्मा शोधला, आकडा पाहिला आणि लहान मुलासारखे हसले. “अजून एक रात्र सहज निघेल गं. पण कपडे एकाच दिवसाचे आणलेत.”

मी पलंगाखाली वाकले आणि बॅटरीच्या खणाशेजारी लपवलेली दुसरी बॅग बाहेर ओढली.

“बोला,” मी म्हटलं, “उद्याची खिडकी कुठे उघडायची?”