तुरोबाचे गहू दळणारे जाते

मित्रांनो, शेताच्या बांधावरचा काळा दगड समजून माझ्यावर पाय देऊ नका. मी एक जुने जाते आहे, रोमन फौजेतले. हे ऐकून तुमचे डोळे चमकले असतील. आता हा दगड आपल्याला लढाया सांगेल, झेंडे आणि तुताऱ्या सांगेल, असे तुम्हाला वाटले असेल. सांगतो तर आहेच. पण मला त्यांची शिसारी येते, हे आधीच बोलून ठेवतो.

माझा जन्म इटलीतल्या एका विझलेल्या ज्वालामुखीच्या डोंगरात झाला. पाथरवटाने मला फोडले, घासले, माझ्या दोन तळ्या केल्या, मध्ये लोखंडी खुंटी बसवली आणि फिरवायला लाकडी खुंटा ठोकला. एखाद्या घराच्या ओसरीवर जाऊ, लग्नाची दळणे दळू, अशी माझी भाबडी समजूत होती. पण मला फौजेने उचलले. फौजेत एका राहुटीत आठ शिपाई असत, त्यांना मिळून एक खेचर असे आणि त्या खेचराच्या पाठीवर राहुटीबरोबर एक जाते असे. असा मी समुद्र ओलांडून हिस्पानियाच्या, म्हणजे आजच्या स्पेनच्या, डोंगरांत पोचलो. तिथले डोंगरी लोक रोमला मान तुकवत नव्हते, म्हणून ही मोहीम होती.

आमच्या राहुटीत ओप्पियस नावाचा एक वयस्कर शिपाई होता. तोही मूळचा डोंगरातलाच. बाकीचे मुठी भरभरून धान्य कोंबत आणि भरडा काढत. ओप्पियस थोडे थोडे वैरायचा, संथ फिरवायचा. त्याच्या पिठाची भाकरी इतकी मऊ होई की शंभर शिपायांचा नायक व्होकोनियस स्वतःचे दळण आमच्याकडे धाडू लागला.

"म्हाताऱ्या, लढाईत खुशाल मर," हेरियस नावाचा तरुण शिपाई त्याला चिडवायचा, "पण दळण अर्धं टाकून मरू नकोस."

ते दिवस मला आवडत. मग तुरोबा आले.

तुरोबा हे टेकडीवरचे तटबंदीचे गाव. तिथले लोक उत्तम लोकर विणत. त्यांनी आमचे काही वाकडे केले नव्हते. पण आमच्या नव्या सेनापतीची एका वर्षाची मुदत संपत आली होती आणि विजयाशिवाय रोमला परतायची त्याला लाज वाटत होती. त्याने गावाला वेढा घातला. तट पडेना. गावकऱ्यांनी भोवतालची शेते आधीच जाळून टाकली होती, त्यामुळे आमचेच धान्य संपले. माझ्या तोंडात जव पडू लागले. फौजेत जव जनावरांना घालत, नाहीतर शिक्षा झालेल्या शिपायाला. मीठही संपले. अळणी जव आणि अळणी उकडलेले ससे खाऊन सगळ्या तळाला हगवण लागली. आमच्या राहुटीमागेच संडासाचा चर होता, तो भरून वाहू लागला. त्यावरच्या माश्या उठत आणि माझ्या तोंडावर येऊन बसत. हात कोणी धूत नसे. त्याच हातांनी माझा खुंटा धरला जाई. पुढचे सांगत नाही.

अखेर तह झाला. तुरोबाचे म्हातारे तहाच्या त्यांच्या रीतीप्रमाणे लांडग्याचे कातडे पांघरून, हातात हिरव्या फांद्या घेऊन खाली उतरले. गावाने धान्य द्यायचे, लोकरीची घोंगडी द्यायची आणि आमची एक तुकडी गावात ठेवून घ्यायची, असे ठरले. बदल्यात सेनापतीने उजवा हात वर करून सगळ्या फौजेदेखत देवाची शपथ घेतली, "तुरोबातल्या कोणाच्याही केसाला धक्का लागणार नाही."

बायका टोपल्या भरून गहू घेऊन आल्या. आमच्या शिपायांच्या अंगात दळण्याचेही त्राण नव्हते, म्हणून काही जणी दळायला थांबल्या. आमच्या वाट्याला आली अम्बाता. ती विधवा होती, घोंगडी विणायची. किनाऱ्यावरच्या बाजारात घोंगडी विकून विकून तिला शिपायांची भाषा तोडकीमोडकी पण चांगली धारदार येत होती.

तिने माझी वरची तळी उचलली आणि नाक मुरडले. "शी! हे जातं आहे का उकिरडा? काय दळलंत यात?"

"जव," राहुटीच्या दाराशी आडवा पडलेला ओप्पियस म्हणाला. "थोड्या माश्याही असतील."

"थोड्या? माझी सासू म्हणायची, रोमन लोक काहीही खातात. मला वाटायचं, उगाच शिव्या देते."

ओप्पियस पोट धरून हसला. "हसवू नको, पोरी. चर जवळ आहे, पण मला तेवढंही पोचवत नाही."

अम्बाताने ओढ्याचे पाणी आणून मला घासून धुतले. मग छिन्नी आणि हातोडी मागून घेऊन माझ्या गुळगुळीत झालेल्या तळ्यांना नीट टाकी लावली. इतक्या वर्षांत माझी अशी काळजी कोणी घेतली नव्हती. तुरोबाचा गहू माझ्यातून पांढराशुभ्र होऊन बाहेर आला. तिने पदराला बांधून आणलेले चिमूटभर मीठ पिठात टाकले आणि निखाऱ्यांवर भाकऱ्या भाजल्या. आठही जण अधाशासारखे जेवले.

"अशी भाकरी माझ्या बायकोला जमली असती," हेरियस बोटे चाटत म्हणाला, "तर मी फौजेत आलोच नसतो."

"मग तुझ्या बायकोने आमचं चांगलंच वाटोळं केलं म्हणायचं," अम्बाता म्हणाली. सगळे हसले.

मग ती गंभीर झाली. "उद्या तुम्ही गावात येणार. माझा भाऊ लेतोंदो वेशीवर उभा असतो. तो मुका आहे. हाकेला उत्तर दिलं नाही म्हणून कोणी त्याला मारू नका. उंच आहे, ओळखू येईल."

ओप्पियसने हेरियसकडे पाहिले. "ऐकलंस ना?"

"ऐकलं की. तुझ्या भावाला मी सांभाळतो, बाई," हेरियस म्हणाला. त्याच्या तोंडात तेव्हाही तिच्या भाकरीचा घास होता.

दुसऱ्या दिवशी तुकडी टेकडी चढून गेली. वेशीचे दरवाजे सताड उघडे होते. ओप्पियसला उभे राहवत नव्हते, म्हणून तो तळावरच राहिला. अम्बाता माझ्यावर दळत होती. टेकडीवरून शिंग वाजले.

"हे काय, स्वागताचं का?" तिने विचारले.

ओप्पियसचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने हात पुढे करून माझा खुंटा धरला. "थांबव दळण. ऊठ."

"का? काय झालं?"

"ते शिंग कत्तलीचं आहे."

तेवढ्यात किंकाळ्या ऐकू येऊ लागल्या. अम्बाता गावाकडे धावणार तोच त्याने तिचा हात पकडला. "तिकडं जाऊन मरशील. आणि इथं राहिलीस तर विकतील तुला. बघ, तळाच्या दारात बायकांना दोर लावतायत." त्याने तिला राहुटीमागे नेले. तिथे पहारा नव्हता. त्या दुर्गंधीत कोण उभे राहणार? "या चरात उतर. तोंड झाकून घे. पलीकडं ओढा आहे, ओढ्याने वर जा."

अम्बाताने त्या चराकडे पाहिले, मग ओप्पियसकडे. "तुमचा शब्द याच्यापेक्षा घाण आहे," ती म्हणाली आणि खाली उतरली.

संध्याकाळी हेरियस खांद्यावर घोंगड्यांचा ढीग टाकून परतला.

"तो मुका?" ओप्पियसने विचारले.

"कोण मुका? तिथं सगळेच ओरडत होते." हेरियसने घोंगड्या खाली टाकल्या. "एक उंच जण होता. भाला बघूनही ओरडला नाही. हुकूम होता रे, मी काय करणार?"

"त्याच्या बहिणीची भाकरी खाल्लीस तू."

"तूही खाल्लीस. मोठा आलाय शहाणा! पीठ उरलंय का सकाळचं? भूक लागलीय."

मित्रांनो, मी किती धान्य दळले, किती शिव्या ऐकल्या, किती घाण सोसली. पण "पीठ उरलंय का" या प्रश्नाइतके किळसवाणे काही माझ्या कानांवर पडलेले नाही. त्या चराचा वास त्यापुढे काहीच नव्हता.

ओप्पियस उठला. उरलेले सगळे पीठ त्याने चरात ओतले. अन्न नासले म्हणून व्होकोनियसने त्याला वेताच्या काठीने फोडून काढले आणि जवाच्या शिध्यावर ठेवले. तळ उठला तेव्हा खेचर लादताना त्याने मला बाजूला ठेवले. "हे तडकलंय, उगाच ओझं," असे तो नायकाला म्हणाला. मला एक चीरसुद्धा गेली नव्हती.

थंडी पडल्यावर डोंगरात लपलेली काही माणसे तुरोबाला परतली. घरे जळली होती. शिपायांनी गावातली सगळी जाती फोडून टाकली होती. अम्बाता आमच्या ओस तळावर काही सापडते का ते पाहायला आली आणि राखेत तिला मी दिसलो. ती जवळ आली. मग माझ्यावर थुंकली.

"उचल ग," तिच्याबरोबरची म्हातारी म्हणाली. "पोरं उपाशी आहेत. दगडाशी कसलं भांडतेस?"

"मला याचं तोंडसुद्धा बघायचं नाही, आत्या."

"नको बघू. दळ नुसतं."

त्या हिवाळ्यात मी रानातल्या ओक नावाच्या झाडाची कडू फळे दळली. त्या कडू भाकऱ्यांवर पोरे जगली. अम्बाता माझ्यावर अनेक वर्षे दळत राहिली, वेळच्या वेळी टाकी लावत राहिली, पण तिने मला घरात घेतले नाही. पाऊस असो, बर्फ असो, माझी जागा उंबऱ्याबाहेर. इतर बायका दळताना गात. ती माझ्यावर कधी गायली नाही. पुढे एका फेरीवाल्याकडून कळले, की रोममध्ये काही लोकांनी सेनापतीला नावे ठेवली. तेवढेच. त्याला शिक्षा कोणी केली नाही. अम्बाता गेल्यावर मी इथे बांधावर आलो.

मित्रांनो, तुमच्या घरात जाते असेल तर त्याला वेळेवर टाकी लावा, झाकून ठेवा. पण त्याहून एक मोठी विनवणी आहे. कोणी तुम्हाला थोर विजयाची गोष्ट रंगवून सांगू लागला, तर त्याला विचारा, "या वीरांना आदल्या दिवशी जेवायला कोणी घातलं होतं?" उत्तर ऐकून तोंडाची चव गेली, तर लगेच पाणी पिऊ नका. ती कडू चव थोडा वेळ तशीच राहू द्या.