मुठीतलं पितळ

फुर्रर्र.

फुर्रर्रर्र.

“साकु!” आतून आवाज आला. “दार वाजवायचं तर हातानं वाजव की. तोंडानं कशाला?”

साकु म्हणजे कानडीत पुरे. पण तुंगाचं आज पुरे होणार नव्हतं.

तिच्या मुठीत ट्रंपेटचा माउथपीस होता. फक्त माउथपीस. अख्खं वाद्य परवडत नव्हतं, म्हणून गेल्या वर्षी तिनं आधी तोंडच विकत घेतलं. अंग मागाहून. तेव्हापासून ती ते ओठांना लावून फुरफुरत होती. गच्चीवर. म्हैसुरात विजयनगरच्या बसस्टॉपवर. तिची आई शिलाईचं मशीन थांबवून म्हणायची, “घरात भुंगा शिरलाय, अन् मी त्याची कॉलेजची फी भरतेय.” आणि तीच आई तिला ब्लाउजांना हुक लावायला द्यायची, त्याचे पैसे वेगळ्या डब्यात टाकायची.

डबा आज रिकामा झाला होता.

कारण उद्या सोमवार. कॉलेजच्या बँडात एक जागा. अट एकच, वाद्य स्वतःचं.

दार उघडलं. फत्तेसिंगराव. म्हैसुरातल्या निम्म्या नवरदेवांना यांच्या ट्रंपेटसारख्याच कॉर्नेटनं मांडवापर्यंत नेलेलं. आता पुढचे दात गेले. दातांचा आधार नाही तर ओठ टिकत नाहीत, ओठ टिकत नाहीत तर सूर नाही. म्हणून कॉर्नेट विकायला काढलेला.

लाल बँडकोटाच्या फाटक्या बाहीत तो गुंडाळलेला होता. बाही सरकली.

पितळ!

खिडकीतलं ऊन त्यावर पडलं आणि पितळानं ते छतावर भिरकावलं. भोंग्यावर मोठा पोचा.

“हा कशानं?”

“नवरदेवाचा घोडा. नजरबादच्या वरातीत. लाथ मला मारायची होती त्याला.”

तुंगाला कॉर्नेट पोच्यासकट आवडला. पोच्यामुळे जास्तच. तिनं तिन्ही कळा दाबल्या. चटचट वर आल्या.

“मामा, घेतला!”

“अगं, वाजवून तरी नोडु. सुम्ने, उगाच, घेतला घेतला करू नये.”

तिनं नीट पाहिलं. कॉर्नेटला तोंड नव्हतं. नळीचं नुसतं भोक.

“माउथपीस माझ्याकडेच राहणार,” फत्तेसिंगराव दुसरीकडे बघत म्हणाले. “आधीच सांगितलं होतं. ओठ ज्याचे त्याचे.”

“माझा आहे की! म्हणून तर आले!”

तिनं आपला माउथपीस नळीत घातला, आणि तो

अडला.

परत.

अडला.

फिरवून. थुंकी लावून. विठ्ठल विठ्ठल म्हणून.

“तुझा ट्रंपेटचा आहे, मगळे. हा कॉर्नेट. भाऊभाऊ खरे, पण एकाची चप्पल दुसऱ्याला होत नाही.”

“कानशीनं घासते.”

“सूर फाटेल.”

“नवा आ—”

वाक्य तिथंच राहिलं. डबा.

तुंगा खाली बसली. डाव्या हातात माउथपीस, उजव्यात कॉर्नेट. रडायला वेळ नव्हता, उद्या सोमवार होता. तिनं माउथपीस ओठांना लावला आणि मांडीवरच्या कॉर्नेटच्या कळा दाबायला सुरुवात केली. तोंड इकडे, बोटं तिकडे. फुरफुर चढली. बोटं धावली. उतरली.

“उद्या असंच वाजवते, मामा! दोन्ही वेगवेगळं. ऐकणाऱ्यानं जोडून घ्यावं.”

फत्तेसिंगराव हसले. दात नव्हते म्हणून तोंडावर हात धरून हसले, खांदे हलेपर्यंत.

मग तोच हात सदऱ्याच्या खिशात गेला.

बाहेर आला तेव्हा त्यात त्यांचा माउथपीस होता. चांदीचा मुलामा ओठ लागतात तेवढाच झिजलेला. त्यांनी तो मुठीत धरला. जरा जास्तच वेळ.

“थंड पितळ ओठाला चावतं. वरात निघायच्या आधी असं धरायचं. ऊब आली की मग चावत नाही.”

त्यांनी स्वतःच तो कॉर्नेटमध्ये बसवला. किंचित पीळ दिला.

“फुंक.”

पहिल्यांदा म्हैस.

दुसऱ्यांदाही म्हैस.

तिसऱ्यांदा सूर! सरळ, पिवळाधमक, भिंतीबाहेर गेलेला. पलीकडून शेजारीण आनंदानं ओरडली, “फत्तेसिंगरावरे! मत्ते शुरू माडिद्रा?” परत सुरू केलंत का?

फत्तेसिंगराव खिडकीशी गेले.

“नानल्ल,” ते म्हणाले. मी नव्हे.

आईनं पिशवी ट्रंपेटच्या मापानं शिवली होती. कॉर्नेट आखूड. उरलेल्या जागेत त्यांनी लाल बाही कोंबली.

“तुझा माउथपीस ठेव इथं. तुला आता काय उपयोग?”

“आणि तुम्हाला?”

“बघू.”

तिनं तो त्यांच्या तळहातावर ठेवला आणि पळत सुटली. कोपऱ्यापर्यंतच. पुढं धीर निघेना. तिनं कॉर्नेट बाहेर काढला आणि भर रस्त्यात फुंकला. म्हैस, सूर, सूर, सूर! एक सायकल थांबली. कावळे उडाले. ऐकलंत का, मामा? तिनं वळून पाहिलं.

फत्तेसिंगराव उंबऱ्यात उभे होते. उजवी मूठ छातीशी. ती त्यांनी ओठांकडे नेली नाही. नुसती घट्ट मिटून धरली होती, वरात निघायच्या आधी धरतात तशी.