सातवा सूर तुमचा

मी पियानो बोलतोय. सोलापूरच्या रेल्वे लाइन्समधल्या एका बंगलीत, खिडकीपाशी बसून अख्ख्या गल्लीची खबर ठेवणारा. कुणाकडे पाहुणे उतरले, कुणाची शेंगाचटणी जास्त तिखट झाली, मला सगळं कळतं. माझ्या अंगावर सोलापुरी चादर आणि पोटात पाण्याचं भांडं. हसू नका! इथल्या उन्हात लाकूड तडकतं, म्हणून ते भांडं रोज भरावं लागतं.

जन्म कलकत्त्याचा. अराक्सीबाईंच्या लग्नातली भेट म्हणून मालगाडीनं इथं आलो. बाई आर्मेनियन. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे साहेब, रेल्वेत, आणि संध्याकाळी क्लबात जॅझ वाजवायचे. चाल एकदा सांगायची, मग तिच्याशी मनसोक्त खेळायचं. शेजारची दाक्षायणी लहानपणापासून आमच्याकडेच पडीक. साहेबांकडून तिनं हा खेळ उचलला, आणि बाईंकडून त्यांच्या आईचं गाणं. जर्दाळूच्या झाडाखाली वाट बघणाऱ्या बाईचं, सात मात्रांचं. त्याचा सगळ्यांत वरचा सूर सातव्या मात्रेवर येतो.

साहेब गेले आणि माझ्यावर फुलदाण्या आल्या. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही.

शहात्तरच्या उन्हाळ्यात बाईंचं कलकत्त्याला भाच्याकडे जायचं ठरलं. मीही सामानात धरला गेलो.

"बाई, याला इथंच ठेवा की," दाक्षायणी रडकुंडीला आली.

बाईंचं मराठी मोडकं, पण रागवायला चोख. म्हणाल्या, "आईचं गाणं चार लोकांत वाजवून दाखव. माझी खात्री पटली तर हा तुझा. नाहीतर माझ्याबरोबर येणार."

दाक्षायणीनं दोघांना गाठलं. मोडनिंबचा त्रिंबक रेल्वेत कारकून, चार जाड तारांची बास गिटार वाजवायचा. त्याला वेड विलायती रॉकच्या तबकड्यांचं. त्यातलं एक गाणं जेवण उरकलं तरी संपत नाही, आणि मध्येच चार वेळा चाल बदलतं. दुसरा जालिंदर, लग्नाच्या बँडातला ड्रमवाला. त्याचे हात वरातीचे. सात म्हटलं की एकतर सहावर थांबायचा, नाहीतर आठवर पोचायचा.

"सात रस्ता चौकात राहतोस आणि सात मोजता येत नाहीत व्हय रे?" त्रिंबक चिडवायचा.

"आमी एका टायमाला एकाच रस्त्यानं जातो, कारकूनसाहेब!"

"मग आता सातही फिरून ये," दाक्षायणी म्हणाली. "ठोक्याला एक रस्ता."

तशी जमली की त्याला सातची मोजणी! त्रिंबकनं गाण्याचा वेग चढवला, दाक्षायणीनं त्यात साहेबांचे खेळ घातले. दारात उभ्या बाई मात्र कडाडल्या, "आईच्या गाण्याची वरात काढली!" आणि दार आपटून गेल्या.

कार्यक्रमाला मला हातगाडीवरून रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलात नेलं. वाटेत गाडी खड्ड्यात आदळली आणि माझ्या आत काहीतरी कटकन मोडलं. ऐनवेळी पोचलो, कुणी तपासलं नाही. हॉल भरलेला. लोकांना वाटत होतं, सिनेमाची गाणी असतील. पहिल्या रांगेत बाई, ओठ घट्ट मिटून.

गाणं सुरू झालं. सातवी मात्रा आली, दाक्षायणीनं पट्टी दाबली आणि आवाज आला नुसता लाकडाचा. टक्.

"ताई, सातवा रस्ता बंद हाय!" जालिंदर पुटपुटला.

दुसऱ्या फेरीलाही टक्. दाक्षायणीचा चेहरा उतरला. बाई ताडकन उठल्या. मला वाटलं, चालल्या. संपलं सगळं.

तिसऱ्या फेरीला बाईंनी तो सूर लावला. उभ्यानं, खड्या आवाजात.

मग दाक्षायणीनं पट्टी दाबलीच नाही. सहा मात्रा वाजवायची आणि हात उचलायची. ड्रम थांबे, गिटार थांबे, बाई गात. त्रिंबकनं वेग दुप्पट केला तरी बाई चुकल्या नाहीत. हळूहळू मागचे लोकही सातव्याला सूर मिळवू लागले. मी खूप हात पाहिलेत, खूप गाणी वाजवलीत. त्या दिवशीसारखा मी कधीच वाजलो नव्हतो, आणि तेही एक पट्टी मुकी असताना!

शेवटी बाई डोळे पुसत दाक्षायणीजवळ आल्या. "वरातच ही. पण आईला घोड्यावर बसवलंस की गं!"

बाई कलकत्त्याला गेल्या. मी राहिलो, शेजारी दाक्षायणीच्या खिडकीपाशी. दर रविवारी तिघं जमतात. मध्ये पुण्याहून एक दुरुस्तीवाले आले होते, ती पट्टी बोलती करतो म्हणाले. दाक्षायणीनं त्यांना चहा पाजून परत पाठवलं. बरं केलं.

माझं मागणं फार नाही. भांड्यात पाणी असू द्या, अंगावर फुलदाणी नको. आणि कधी या बाजूला आलात तर आत या. सहाव्या मात्रेपर्यंत मी वाजतो. सातवा सूर तुमचा.