पहिला नारळ

मला सवत होती, ती न्यूटन. आमचे हे, बाळाचार्य, धारवाडच्या कॉलेजात गणित शिकवायचे आणि न्यूटनसाठी भरल्या ताटावरून उठायचे. त्यांच्याच विभागातले जयतीर्थ लाइबनिट्सच्या बाजूचे. कॅल्क्युलस कुणाचं, यावरून दोघं वीस वर्षं भांडत होते. हे म्हणायचे, न्यूटनला आधी सुचलं. जयतीर्थ म्हणायचे, सुचून मनात ठेवलं तर काय उपयोग, लाइबनिट्सनं आधी छापलं. भांडणारे दोघे साहेब कधीच मेलेले, आणि इकडे माझी आमटी गार.

अशा दोन घरांत सोयरीक जुळली, ही देवाचीच हिंमत. १९६२ साली माझी जयलक्ष्मी आणि जयतीर्थांचा प्रल्हाद यांचा साखरपुडा केशवापूरला, जयतीर्थांच्या घरी ठरला. सोयरीक सुचवणाऱ्याच्या हातात पहिला नारळ द्यायचा, अशी आमच्यातली रीत. भटजींनी नारळ उचलला. "कुणी सुचवली?" मला घाम फुटला.

"मी," जयतीर्थ म्हणाले. "दिवाळीत मीच विषय काढला की."

"माझ्या मनात चार वर्षांपासून होतं!" हे गरजले.

"मनातलं कोण बघायला गेलंय?"

"तुम्ही गेलात. बघितलंत आणि उचललंत!"

"एन् री, काय हो बाळाचार्य, चोर म्हणता मला? मोडली सोयरीक!" जयतीर्थ ताडकन उठले आणि स्वतःच्याच घरातून निघून जायला चपला शोधू लागले. पाटावर बसलेल्या पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. मला तर रडूच कोसळलं.

तेवढ्यात जयलक्ष्मी बोलली. "अप्पा, सुम्नं, गप्प बसा की जरा, दोघंही. लग्नाचं मीच विचारलं प्रल्हादला. तुमच्या दिवाळीच्या आधी, बसस्टॉपवर."

प्रल्हाद खाली मान घालून म्हणाला, "तिनं विचारलं, खरं आहे. पण माझ्या मनात त्याच्याही आधी होतं. बोललो नव्हतो, एवढंच."

ह्यांचा चेहरा एकदम खुलला. प्रल्हादच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हा आपला माणूस!"

जयतीर्थांनी पायातली एक चप्पल काढली, दुसरी सापडलीच नव्हती. माझ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "पोर माझी. आधी जाहीर तिनं केलं."

भटजींचे हात भरून आले होते. मी नारळ घेऊन पोरांच्या पुढे धरला. दोघांनीही तो घट्ट धरला, आणि सोडायला कुणीच तयार होईना.

मी जावयाच्या कानाशी गेले. "प्रल्हादराव, सोडा की. आमटी गार होते."